आधुनिक आणि समकालीन कलेचा इतिहास : बेळगाव-सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातले विद्यार्थी, शाळेतले ड्रॉईंगचे शिक्षक, निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळालेले वाचक आणि मुलांच्या काळजीतले पालक मला हे प्रश्न फिरून फिरून विचारतात. कुणी शनिवार खुटावर उभ्याउभ्या विचारतं, कुणी रात्री फोन करून. प्रत्येकाला नीट उत्तर मिळायला हवं, म्हणून ती इथे एकत्र लिहिली आहेत.

आधुनिक कला कुठे संपते आणि समकालीन कुठे सुरू होते?

ढोबळ हिशेब सांगतो. युरोपातली पुस्तकं आधुनिक कला साधारण 1860 च्या दशकापासून 1960 च्या दशकापर्यंत धरतात आणि त्यापुढची समकालीन. आपल्याकडे आधुनिकतेचा धागा बहुतेक जण 1850 नंतर निघालेल्या कलाशाळांपासून पकडतात. समकालीन म्हणताना उदारीकरण आणि टीव्ही वाहिन्या आल्यानंतरचं, म्हणजे 1990 नंतरचं काम डोळ्यांपुढे असतं. परीक्षेपुरतं एवढं पुरे. आधुनिक हे शैलीचं नाव समजू नका. राजाच्या किंवा देवळाच्या सांगण्यावरून काढणारा हात ज्या दिवशी 'मी हे का काढतोय, कुणासाठी काढतोय' असं विचारू लागला, तिथून माझ्या मते ही गोष्ट सुरू होते. हा दिवस प्रत्येक गावात वेगळ्या साली उजाडला.

'व्यापक संदर्भात' शिकायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

चित्राच्या चौकटीबाहेर कोण कोण उभं आहे, ते पाहायचं. पैसा कुणाचा, रंग कुठून आला, चित्र कुठे टांगलं गेलं, कुणाला आत येऊ दिलं नाही, त्या वर्षी देशात काय चाललं होतं, हे सगळं.

मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट घ्या. ते 1857 साली सुरू झालं, उठावाच्या वर्षी. त्यासाठी सर जमशेटजी जीजीभॉय यांनी एक लाख रुपये दिले होते आणि त्यांची संपत्ती चीनशी चालणाऱ्या कापूस आणि अफूच्या व्यापारातली होती. शाळेचा पहिला हेतू कारागिरांना रेखाटन शिकवण्याचा होता. कलावंत घडवण्याची भाषा नंतर आली. आता याच शाळेत शिकलेल्यांची चित्रं पुन्हा पाहा. सावल्यांचं शास्त्र, प्लॅस्टरच्या पुतळ्यांवरून केलेला सराव, यथार्थदर्शनाचा (पर्स्पेक्टिव्हचा) आग्रह हे सगळं कुठून आलं ते दिसू लागतं.

दुसरं उदाहरण प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचं. 1947 साली मुंबईत चित्रकार सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि शिल्पकार बाकरे एकत्र आले. सूझा गोव्यातल्या साळगावचे, हुसेन पंढरपुरात जन्मलेले आणि सिनेमाचे बोर्ड रंगवणारे, आरा घरकाम करत, मोटारी धूत वर आलेले. त्यांची चित्रं विकत घेणारे, त्यांच्यावर लिहिणारे आणि त्यांना युरोपातल्या चित्रांच्या प्रतिकृती दाखवणारे कोण होते? वॉल्टर लँगहॅमर, रुडॉल्फ फॉन लायडन, इमॅन्युएल श्लेसिंगर. हे तिघेही हिटलरच्या छायेतून निसटून मुंबईत आलेले. म्हणजे व्हिएन्नात जे घडलं, त्याचा एक धागा मुंबईतल्या एका खोलीत येऊन एका मोटारी धुणाऱ्या चित्रकाराच्या हाताला लागला. स्वातंत्र्य, फाळणी, निर्वासित आणि मराठीतली नवकविता ही सगळी त्याच काही वर्षांतली. सूझा 1949 मध्ये लंडनला गेले, रझा 1950 मध्ये फ्रान्सला. हे का गेले, कुणाकडे गेले आणि मागे राहिलेल्यांनी काय केलं, हे विचारल्याशिवाय नुसतं 'जाड काळ्या रेषा, भडक रंग' असं लिहिणं म्हणजे फोडणी न देता वरण वाढणं.

बेळगावात मोठं कलासंग्रहालय नाही. मग इथे बसून शिकणार कसं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्यामागची खंत मला कळते. पुण्या-मुंबईचा मुलगा रविवारी सकाळी उठून प्रदर्शन पाहू शकतो, आपला मुलगा नाही. पण कलेच्या इतिहासाचा अर्धा ऐवज तुमच्या घरात पडून आहे, आणि तो कुणी मोजलेला नाही.

देवघरापासून सुरुवात करा. शहापुरातल्या किंवा खडेबाजाराच्या मागच्या जुन्या घरात लक्ष्मीची किंवा सरस्वतीची फ्रेम असते, खाली बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव असतं. राजा रविवर्मा यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. दगडावरून, एकेका रंगाचा वेगळा ठसा उठवून ही चित्रं छापली जात. देवळात ज्यांना पाऊल टाकू दिलं जात नव्हतं, त्यांच्याही भिंतीवर देव आला तो असा, कागदावरून. आधुनिकतेचं यापेक्षा मोठं उदाहरण मला ठाऊक नाही.

मग माळ्यावरचे दिवाळी अंक खाली काढा. 'दीपावली'चे दीनानाथ दलाल मडगावात जन्मलेले. रघुवीर मुळगावकरही गोव्याचे. त्यांच्या मुखपृष्ठांवरच्या बायका कोणती साडी नेसतात, त्यांच्या हातात पुस्तक आहे की आरतीचं ताट, मागे बंगला आहे की वाडा, हे वर्षावार मांडा. 1945 ते 1970 मधल्या मराठी मध्यमवर्गाला स्वतःकडे कसं पाहायला आवडत होतं, ते तुमच्या पुढ्यात येईल. कॅलेंडरं असतील तर त्यात एस. एम. पंडित यांची सही शोधा. ते 1916 साली गुलबर्ग्यात जन्मले, निजामाच्या राज्यात, आणि मुंबईत सिनेमाची पोस्टरं करता करता पुराणातले देव रंगवू लागले. त्यांच्या देवांच्या अंगावर पडणारा उजेड स्टुडिओतला आहे, हे एकदा लक्षात आलं की विसरता येत नाही.

निपाणीच्या लोकांना मी विड्यांच्या बंडलावरची लेबलं जमवायला सांगतो. वाघ, पोपट, मोटार, एखाद्या शेठजींचा गोल चौकटीतला फोटो. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी चित्रावरून माल ओळखायचा. त्या विड्या वळणाऱ्या बायका चित्रात कुठेच नाहीत, हेही वहीत लिहा.

सीमाभागाचा आणि कलेच्या इतिहासाचा संबंध काय? तो तर राजकारणाचा विषय.

राजकारण बाहेर ठेवलं तर आपल्या भागातल्या चित्रकारांचं आयुष्यच समजणार नाही.

1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. त्याआधी इथल्या मुलाची कलेची वाट सरळ मुंबईला जात होती. तो मुंबई सरकारच्या ड्रॉईंगच्या परीक्षा देई आणि जे. जे.चं स्वप्न पाही. आजही सीमेपलीकडची मुलं एलिमेंटरी-इंटरमिजिएट देतात, अलीकडची लोअर-हायर. नकाशावर रेघ सरकली, की शिक्षण, बक्षिसं, सरकारी खरेदी, प्रदर्शनांची आमंत्रणं, अकादमीचं सदस्यत्व हे सगळं सरकतं. चित्रकाराचं मन मात्र तेवढ्या लवकर सरकत नाही. त्यामुळे आपल्या भागातले कितीतरी जण मुंबई-पुण्याच्या इतिहासात 'कर्नाटकातले' ठरले आणि बेंगळुरूच्या इतिहासात 'मराठी'. दोन्हीकडच्या याद्यांत न बसलेली ही माणसं शोधणं हे आपलं काम आहे, दुसरं कुणी येऊन करणार नाही. संशोधन करणाऱ्याला कागदपत्रांसाठी 1956 आधीचं मुंबईत आणि नंतरचं बेंगळुरूत धुंडाळावं लागतं, हेही आधीच माहीत असलेलं बरं.

के. बी. कुलकर्णींचं नाव इथे घ्यायलाच हवं. त्यांनी बेळगावात राहून चित्रं काढली आणि पिढ्या घडवल्या. 1935 साली बेळगावात जन्मलेले रवी परांजपे त्यांच्या हाताखाली शिकले, मग मुंबईच्या जाहिरात क्षेत्रात गेले, काही काळ नैरोबीत काम केलं आणि पुढे पुण्यात स्थिरावले. एका माणसाच्या प्रवासात बेळगाव, जाहिरात, आफ्रिका आणि दिवाळी अंक एकत्र येतात. हा सगळा संदर्भच आहे, मुद्दाम आणावा लागत नाही.

आणखी एक गोष्ट, जी फारशी कुणी सांगत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. ते मुंबईला जे. जे.मध्ये चित्रकला शिकायला गेले होते. डोळ्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत असं लक्षात आलं, म्हणून रंग सोडून ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. 1888 मध्ये बेळगावात त्यांचं सायकलीचं दुकान होतं, पुढे लोखंडी नांगर आला, 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि त्या वाडीतून 1920 पासून मासिक निघू लागलं. कलाशाळेतलं रेखाटन कारखान्यात गेलं आणि कारखान्यातून मासिकाच्या पानावर परत आलं.

आणि 1924 चं काँग्रेस अधिवेशन. गांधीजी अध्यक्ष असलेलं हे एकमेव अधिवेशन आपल्या गावात भरलं. अधिवेशनाच्या जागेला विजयनगर नाव दिलं होतं, तिथे खोदलेली विहीर अजून आहे. त्या वेळचे फोटो पाहताना नेत्यांचे चेहरे ओळखून थांबू नका. मंडप, कमानी, खादी, लोक कसे बसलेत, ते पाहा. एखाद्या राष्ट्रानं स्वतःला कसं दाखवायचं, याची ती तालीम होती. 1938 साली हरिपुऱ्याच्या अधिवेशनासाठी शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी सुतार, ढोलवाले, कामकरी बायका रंगवल्या, त्याच्या आधी चौदा वर्षं.

आधी युरोपचा इतिहास पाठ करावा का, मगच भारताचा?

नको. त्या क्रमानं शिकलं की आपलं सगळं 'उशिरा आलेलं' वाटू लागतं. 1922 च्या डिसेंबरमध्ये कलकत्त्यात बाउहाउस या जर्मन कलाशाळेच्या कलावंतांचं प्रदर्शन भरलं, त्यात क्ले आणि कान्डिन्स्की यांची कामं होती, आणि शेजारीच भारतीय चित्रकारांची. त्या काळात कोल्हापूरला बाबूराव पेंटर नाटकाच्या पडद्यांकडून सिनेमाकडे आले होते आणि चित्रकार आबालाल रहिमान रंकाळ्याच्या पाण्यावरचा उजेड टिपत होते. ही तिन्ही दृश्यं एका पानावर लिहा. कोण पुढे, कोण मागे हा प्रश्नच उरत नाही. पॅरिस शिकाच, मनापासून शिका. फक्त पॅरिसला घड्याळ समजू नका.

चित्र 'पाहायचं' म्हणजे काय? मला पाच मिनिटांत कंटाळा येतो.

एकच चित्र घ्या आणि आठवडाभर त्याच्याजवळ राहा. मी नेहमी सावळाराम हळदणकरांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र देतो. पहिल्या दिवशी फक्त उजेड बघा : बोटांच्या फटीतून तांबूस प्रकाश कसा येतो, चेहऱ्यावर कुठे थांबतो, साडीच्या निऱ्यांत कुठे विझतो. जलरंगात पांढरं म्हणजे बहुधा न रंगवलेला कागद, चूक झाली तर पुसता येत नाही. हे कळलं की पुढचा दिवस त्या धाडसासाठी ठेवा.

मग चौकटीबाहेर या. हळदणकर 1882 मध्ये सावंतवाडीत जन्मले, घाटाखाली, आपल्यापासून फार लांब नाही. हे चित्र 1945-46 चं. ते लागलं म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात. चित्रात उभी असलेली त्यांची मुलगी गीता लग्नानंतर उपळेकर झाली, कोल्हापुरात राहिली आणि 2018 मध्ये शंभरी ओलांडून गेली. आणि वर्षानुवर्षं लोक ते रविवर्म्यांचं म्हणून दाखवत आले, जरी रविवर्मा 1906 मध्येच वारले होते. का बरं? घराघरांतल्या छापील चित्रांनी 'सुंदर बाई म्हणजे रविवर्मा' असं आपल्या डोळ्यांना शिकवून ठेवलं होतं. सावंतवाडी, म्हैसूर, कोल्हापूर : या त्रिकोणाच्या मध्यावर आपण राहतो.

मला चित्र काढता येत नाही. चालेल?

चालेल. हात चालत नसेल तर डोळा आणि वही चालवा. तरीही महिन्यातून एकदा एखादं चित्र पेन्सिलीनं उतरवून पाहा. काढताना जे दिसतं ते नुसतं पाहताना निसटतं.

समकालीन कला चेष्टा वाटते. मोडक्या खुर्च्या मांडल्या, झाली कला?

राग येणं मी वाईट मानत नाही, तो लक्ष दिल्याचा पुरावा आहे. मार्सेल द्यूशाँ या फ्रेंच कलावंतानं 1917 मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनाला मुतारीचं भांडं पाठवलं. पैसे भरणाऱ्या कुणाचंही काम तिथे घेणार होते, तरी त्याचं मांडलं नाही. कला कोणती हे कोण ठरवतं, हा त्याचा प्रश्न होता. ते पहिल्या महायुद्धाचं साल होतं, सभ्य म्हणवणारी राष्ट्रं एकमेकांची मुलं खंदकात मारत होती. त्या पार्श्वभूमीवर सौंदर्याच्या व्याख्या विचारणाऱ्याला वेड्यात काढणं मला जमत नाही.

शिवाय मांडणशिल्प (इन्स्टॉलेशन) आपल्या लोकांना मुळीच परकं नाही. गणपतीत मंडळांचे देखावे पाहायला आपण रात्रभर गल्लोगल्ली चालतो. आत शिरतो, अंधार असतो, आवाज येतो, उजेड पडतो, आपण त्या गोष्टीच्या मधोमध उभे असतो. आणि अनंत चतुर्दशीनंतर ते सगळं उतरवतात. जागा, वेळ, प्रेक्षकाचं शरीर आणि नाशवंतपणा : मांडणशिल्पाबद्दल लिहिताना समीक्षक हेच शब्द वापरतात. तुमच्या आजीला हे आधीपासून कळतं, तिला फक्त कुणी विचारलेलं नाही.

ताजं उदाहरण हवं असेल तर पायाकडे बघा. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात बेळगाव आहे. आपल्या अथणीकडे पिढ्यान्‌पिढ्या ही चप्पल बनते. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं तशीच चप्पल मंचावर आणली, सुरुवातीला मूळ न सांगता. ओरड झाल्यावर भारतीय कारागिरीतून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. रचना कुणाची, नाव कुणाचं, किंमत कुणाला, आणि चामड्याचं काम करणाऱ्या समाजाला ज्या वस्तूमुळे हीन लेखलं तीच वस्तू मिलानला कशी चमकते? समकालीन कलेतले निम्मे वाद याच प्रश्नांचे आहेत.

जात आणि स्त्री हे विषय कलेच्या इतिहासात कशाला आणायचे?

ते आधीपासून आहेत. आपण त्यांच्याकडे पाठ करून बसतो इतकंच. मॉडेल म्हणून बसलेली बाई चित्रात दिसते, पण जे. जे.त शिकलेली बाई पुस्तकात दिसत नाही. अंबिका धुरंधर आणि अँजेला त्रिंदाद या दोघी नामांकित चित्रकारांच्या मुली. त्यांना वाट मिळाली ती बहुधा घरातून. ज्यांच्या घरात चित्रकार बाप नव्हता त्यांचं काय, हा पुढचा प्रश्न. सवी सावरकर यांनी अस्पृश्यता आणि देवदासी यांवर केलेली चित्रं पाहणं सोपं नाही. पण सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर आपल्याच जिल्ह्यात आहे आणि मुलींना देवदासी म्हणून देवाला वाहण्याविरुद्ध कर्नाटकाचा कायदा 1982 चा आहे. आपण ती चित्रं दुसऱ्या गावची म्हणून पाहू शकत नाही.

मराठी संज्ञा वापराव्यात की इंग्रजी? आणि कन्नड?

तिन्ही. घनवाद (क्यूबिझम), अतिवास्तववाद (सर्रिअॅलिझम), दृक्‌प्रत्ययवाद (इम्प्रेशनिझम), अमूर्त, व्यक्तिचित्र हे शब्द चांगले आहेत, वापरले तरच ते रुळतील. वर्गात पोर्ट्रेट, लँडस्केप म्हणालात म्हणून काही बिघडत नाही. कन्नड मात्र मुद्दाम वाचा. कन्नड साहित्यातला 'नव्य' प्रवाह आणि मराठीतलं 'नवकाव्य', 'नवकथा' शेजारी ठेवून पाहिलं की दोन्ही भाषांत एकाच काळात काय हललं ते कळतं. हे मुंबईच्या किंवा बेंगळुरूच्या अभ्यासकाला कष्टानं करावं लागतं. आपल्याला बाजारात भाजी घेतानाच दोन भाषा येतात. मराठीतून सुरुवात करायला मराठी विश्वकोशातल्या कलाविषयक नोंदी घरबसल्या मिळतात.

प्रत्यक्ष पाहायला कुठे जाता येईल?

कोल्हापूर एका दिवसात होतं. गोव्यात सूझांचं साळगाव आहे, आणि पणजीत 2016 पासून डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव भरतो. बेंगळुरूला राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची शाखा 2009 पासून माणिक्यवेलू मॅन्शनमध्ये आहे. मुंबईची 1996 पासून.

पण एकच ठिकाण निवडायचं झालं तर मी सातारा जिल्ह्यातल्या औंधला पाठवीन. स्वतः चित्रकार असलेल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये टेकडीवर श्री भवानी संग्रहालय उभं केलं. रविवर्म्यांची चित्रं, देशी चित्रकारांची कामं आणि ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं एक शिल्प, हे सगळं दुष्काळी माणदेशाच्या तोंडावर. एका छोट्या संस्थानच्या राजाला जग आपल्या प्रजेला दाखवावंसं वाटलं, ते पाहून माझा गळा दर वेळी दाटून येतो.

पदवी कुठे मिळेल? आणि पोटापाण्याचं काय?

बडोद्याच्या ललित कला शाखेत, जी 1950 मध्ये सुरू झाली, कलेतिहासाचा स्वतंत्र विभाग आहे. दिल्लीच्या जेएनयूत एम. ए. करता येतं, शांतिनिकेतनचं कलाभवन आणि बेंगळुरूची चित्रकला परिषद याही वाटा आहेत. प्राध्यापकीसाठी लागणाऱ्या नेट परीक्षेत दृश्यकला हा विषय आहे. नोकऱ्या थोड्या आहेत हे पालकांना मी स्पष्ट सांगतो : अध्यापन, संग्रहालय, गॅलरी, अभिलेखागार, लिलावसंस्था, लेखन. ज्याला दोन-तीन भाषा आणि जुनी कागदपत्रं वाचता येतात, त्याचा निभाव लागतो.

घरात जुनं चित्र सापडलं आहे. काय करू?

ओल्या फडक्यानं पुसू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मागच्या बाजूला दुकानाची चिठ्ठी, सही, तारीख असते. मग भिंग घ्या. ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसली तर ऑफसेटची छपाई. वेडेवाकडे, विखुरलेले ठिपके दिसले तर जुना दगडी छाप असू शकतो. देवीच्या साडीवर कुणी जर आणि टिकल्या शिवल्या असतील तर त्या काढू नका, त्या घरातल्या बाईनं चित्रात घातलेली भर आहे. चित्र खरोखर हाताने काढलेलं आणि नामवंताचं निघालं, तर विकण्याआधी 1972 चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा समजून घ्या. रविवर्म्यांसारख्या काही चित्रकारांची मूळ कामं देशाबाहेर नेता येत नाहीत.

आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ बसा. हे चित्र कुणी आणलं, कुठल्या भिंतीवर होतं, त्याच्यापुढे कोण हात जोडायचं, भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या घरात येताना ते कुणाच्या मांडीवर होतं, हे विचारा. फोनवर आवाज मुद्रित करा आणि तारीख आणि गल्लीचं नाव बोलून ठेवा, नंतर आठवत नाही.